एसीई (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) ट्रेनर परीक्षा: स्नायूंची नावं डोक्यात राहत नाहीत

सात रस्त्याजवळच्या जिममध्ये चार वर्षं शिकवतोय. परीक्षेत 150 प्रश्न, तीन तास. डेडलिफ्ट झोपेतही शिकवेन, पण रोटेटर कफचे (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे) चार स्नायू म्हटले की तीनच आठवतात!

उत्तर १: सबस्कॅप्युलॅरिस विसरतोस ना बे? बाकी तिघं खांद्याच्या फळीच्या मागं, हा एकटा पुढं, बरगड्यांकडं. कोपर पोटाला चिकटव, हात आत फिरव, नाव मोठ्यानं घे. मी यंत्रमागाच्या खडखडाटात असंच पाठ केलं.

उत्तर २: 150 पैकी 25 प्रश्नांचे गुण धरत नाहीत, अडलास तर पुढं सरक. सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) सर्टिफिकेटही लागतं, ते आधी उरक.

प्रश्नकर्ता: हात फिरवून पाहिला. आई म्हणाली, भाकरी थापायचीय तर पीठ घे की!