अनुभव धागा : लिहिणाऱ्यांनो, समाजमाध्यमांशी तुमचं कसं जमतं?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. कथा-कविता, ललित, सदर, अनुवाद असं काहीही लिहिणाऱ्यांनी इथे मोकळेपणी लिहावं. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांनी तुमच्या लिखाणाला काय दिलं आणि त्यातून काय नेलं?

माझ्यापासून सुरुवात करते. एक दीर्घकथा मी फेसबुकवर भागाभागाने टाकत होते. तिसऱ्या भागाखाली एका वाचक बाईंनी लिहिलं, "काकूंना काही होऊ देऊ नका हो, माझी आत्या अगदी अशीच होती." वाचून भरून आलं. असा वाचक मिळावा म्हणून तर माणूस लिहितो! पण दुसऱ्या दिवशी लिहायला बसले, तर डोळ्यांसमोर काकूंच्या जागी त्या बाईच. कथेत काकूंचं मरण अटळ होतं आणि माझा हात पुढे सरकेना. तेव्हापासून कथा पुरी झाल्याशिवाय त्यातली एक ओळही मी बाहेर दाखवत नाही. वाचक हवाच, पण तो लिहून होण्याआधीच शेजारी येऊन बसला की माझं अडतं. तुमचं काय?

कथाकार, परभणी जिल्हा

ताई, आमच्यासारख्यांना शेजारी येऊन बसणारा कुणी नव्हताच. पुण्या-मुंबईच्या मासिकांना कथा पाठवायच्या आणि उत्तराची वाट बघायची, यात बरीच वर्षं गेली. मग एकदा कापूस वेचणीवर मोबाइलवरच लिहिलं. पऱ्हाटीत उभं राहून सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करताना दह्याचा नैवेद्य दाखवून शेतातच करतात ती पूजा, करणारी माझी आई, कमरेला ओटी, बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे. रात्री टाकलं, सकाळपर्यंत यवतमाळ, जळगाव, बीडहून लोक त्याखाली आपापल्या घरची सीतादही लिहीत होते. कुणाकडे दहीभात, कुणाकडे नुसतं दही, कुठे म्हातारी पुढे, कुठे नवी सून. मी ते सगळं वहीत उतरवून ठेवलंय. तेच लिखाण बघून मुंबईच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला.

आता दुसरी बाजू. फेसबुकवर मला "लय भारी" आणि "काळजाला भिडलं" याशिवाय काही ऐकायला मिळालं नाही. त्या संपादकांनी मात्र पहिली दोन पानं काढायला लावली. म्हणाले, "कथा इथून सुरू होते." बरोबर होतं त्यांचं. हे सांगणारं माणूस मला अजून तरी लाइकच्या गर्दीत भेटलेलं नाही.

कवयित्री, ठाणे

माझा विषय फॉरवर्डचा. आईवरची माझी एक कविता आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सकाळी आली. मागे गुलाबाचं चित्र, खाली एका दिवंगत मोठ्या कवीचं नाव. मी लिहिलं की ही माझी कविता आहे. त्यावर एका काकांचं उत्तर, "अहो, एवढ्या लोकांपर्यंत पोचतेय, आनंद माना." नाही मानणार! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी आपल्या लिखाणाचा कर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. व्हॉट्सॲपवर २०१८ पासून मजकुरावर 'फॉरवर्डेड' अशी खूण येते. मजकूर पुढे ढकललेला आहे एवढं त्यातून कळतं, कुणी लिहिला ते नाही. मग आपणच नाव शोधलं पाहिजे, आणि सापडलं नाही तर निदान भलतं चिकटवू नये.

आणि तरीही. सोलापूरच्या एका बाईंनी कुठून कुठून शोधत माझा नंबर मिळवला. त्यांच्या आईच्या तेराव्याला ती कविता वाचली होती. वाचल्यानंतर त्यांचा भाऊ म्हणे पहिल्यांदा रडला. तासभर बोललो आम्ही. ती कविता त्यांच्याकडे फॉरवर्डमधूनच गेली होती, निनावी. हे दोन्ही मी एकाच वेळी मनात बाळगून आहे.

अनुवादक, बेळगाव

माझा अनुभव निव्वळ चांगला. कन्नडमधली विणकरांची कथा मराठीत आणताना मागाच्या भागांपाशी अडलो होतो. फेसबुकवर विचारलं, तर इचलकरंजीच्या एका गृहस्थांनी घरच्या जुन्या हातमागाचा फोटो पाठवला, त्यावर पेनने बाण काढून: धोटा, फणी, सगळं. कुठल्या कोशात मिळणार हे?

कादंबरीकार, नाशिक

लिहिण्यापेक्षा विकण्याच्या बाबतीत मी जास्त थकलो आहे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी वाचक थेट निरोप पाठवतो, पत्ता देतो, मी प्रत सही करून स्पीड पोस्टाने धाडतो. हा मार्ग मला मोलाचा वाटतो आणि तो समाजमाध्यमांनीच दिला. पण त्यासाठी काय काय शिकत राहायचं? आधी लांब मजकूर चालायचा. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने पेजपेक्षा मित्र-नातलगांच्या पोस्ट पुढे आणायचं जाहीर केलं, तेव्हा नुकतंच उघडलेलं लेखकाचं पेज बाजूला ठेवलं. इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या मजकुरात लिंक दिली तरी ती उघडत नाही, म्हणजे पुस्तक कुठे मिळेल हे सांगायलाही आडवाट. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ रील्स आल्या. आता वाक्याऐवजी चेहरा लागतो. एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचण्याआधी मला फॉलोअर किती ते विचारलं. हस्तलिखित त्यांच्याकडे दिलं नाही. ज्याला बोलता येतं, कॅमेऱ्यापुढे वावरता येतं, त्याने जरूर करावं. पण अबोल माणसाच्या कादंबरीची किंमत त्यामुळे कमी होऊ नये, एवढं मला कळकळीने वाटतं.

ललितलेखिका, कोल्हापूर

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या आठवड्यात मी माझ्या मावशीवर लिहिलं. काका गेल्यावर हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघरातच थांबायची, बाहेर बायकांना द्यायचं वाण तीच भरून द्यायची. खाली जे काही लिहिलं गेलं ते इथे सांगत नाही. माझ्या लेकीचा फोटो उचलून त्यावरही लिहिलं. दोन रात्री झोप नाही.

पण इनबॉक्समध्ये बायका बोलत होत्या. "तुमची पोस्ट वाचली. लाइक करता येत नाही, यादीत सासरचे आहेत." अशी किती तरी. एकीने लिहिलं, की तिने त्या दिवशी जाऊबाईंना कुंकू लावलं. हे जाहीर कुठेही दिसत नाही, मोजलं जात नाही. आता माझ्या भिंतीवर फक्त ओळखीच्यांना प्रतिसाद देता येतो, लेकीचे फोटो काढून टाकलेत, इनबॉक्स मात्र सगळ्यांना खुला आहे. त्या बायकांसाठी मी हे सोडणार नाही.

सदरलेखिका, टोरांटो

इथली अडचण निराळी. कॅनडाच्या ऑनलाइन बातम्यांविषयीच्या कायद्यानंतर, २०२३ च्या ऑगस्टपासून, इथे फेसबुक-इन्स्टाग्रामवर वृत्तपत्रांच्या लिंक दिसत नाहीत, परदेशी वृत्तपत्रांच्याही. मराठी दैनिकातलं माझं सदर इथल्या मैत्रिणींना मी ईमेलने पाठवते. वाचणाऱ्या कमी झाल्या, पण ज्या आहेत त्या चार ओळी तरी उलट लिहितात. मला हे आवडायला लागलंय.

निबंधकार, पुणे

पुस्तक पुरं करायला खातं बंद केलं. पुस्तक झालं, वाचनही वाढलं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच काळात माझा एक जुना लेखकमित्र गेला आणि मला ते दहाव्यानंतर कळलं. फोन कुणीच केला नव्हता. "फेसबुकवर होतं, तुम्हाला कळलंच असेल वाटलं." पूर्वी पोस्टकार्ड तरी यायचं. आता खातं पुन्हा उघडलंय, पण जवळच्या दहा-बारा लिहित्या मित्रांना मी स्वतः फोन करतो आणि त्यांनाही सांगितलंय, माझ्याबाबतीत फोनच करा.

कवी, रत्नागिरी (नवीन)

सगळ्यांचं वाचतोय. एक विचारायचं होतं. माझ्या बहुतेक कविता इन्स्टाग्रामवर आहेत. दिवाळी अंकांच्या आवाहनात "पूर्वप्रकाशित नसावी" असं असतं. इन्स्टाग्रामवर टाकलेली कविता त्यात धरतात का?

धागाकर्ती

काही संपादक धरतात, काही नाही. त्यामुळे पाठवतानाच एका ओळीत सांगून टाका की ही कविता अमुक ठिकाणी टाकलेली आहे, निर्णय त्यांच्यावर सोडा. आणि यंदाच्या अंकांसाठी चार-पाच कविता अगदी कुणालाच न दाखवता ठेवून बघा. कशा वाटतात ते इथेच कळवा, आम्हाला ऐकायचंय.