प्रतिसाद: याव्हे आणि क्ले एकच कसे?

वर विचारलंय की स्पॅनिश ‘याव्हे’ आणि फ्रेंच ‘क्ले’, दोन्हींचा अर्थ किल्ली, पण हे एकाच शब्दाचे वंशज कसे? आहेत. मूळ लॅटिन ‘क्लाविस’, त्याचं कर्मरूप ‘क्लावेम’. खरी गंमत सुरुवातीच्या ‘क्ल’ची. फ्रेंचने तो जसाच्या तसा ठेवला आणि शेपूट कापलं (‘क्लेफ’ या जुन्या लेखनात फ अजून दिसतो, बोलताना गायब). इटालियनमध्ये ल विरघळून ‘क्यावे’ झालं, स्पॅनिशमध्ये चक्क क गेला. पोर्तुगीजमध्ये ‘क्ल’चा झाला च! आणि हे एकट्या किल्लीचं नाही. ‘प्ल’, ‘फ्ल’चीही तीच गत: लॅटिन ‘फ्लामा’ म्हणजे ज्वाला, फ्रेंच ‘फ्लाम’, इटालियन ‘फ्यामा’, स्पॅनिश ‘यामा’, पोर्तुगीज ‘शामा’ (हा श आधी च होता, ते खाली येतंच). रोमानियन ‘केये’ थोडं वेगळं, पण घराणं तेच.

आता लिस्बनमध्ये ‘शाव’ असा उच्चार ऐकू येतो, कारण तिथला च पुढे श झाला. पण सोळाव्या शतकात गोवा-वसईला उतरलेले पोर्तुगीज अजून च म्हणत होते. आपली ‘चावी’ त्यांच्याकडूनच आली, म्हणून तिच्यात तो जुना च शाबूत आहे.