बिनपासवर्डचं वायफाय: वापरलंय? की तुमचं कुणी वापरलंय?

२००९ मध्ये मी कोथरूडला कॉट बेसिसवर राहत होते. लॅपटॉप उघडला की एक बिनपासवर्डचं नेटवर्क दिसायचं. कुणाचं आहे हे न विचारता आठ महिने वापरलं, सिनेमेसुद्धा उतरवले. दिवाळीत खालच्या मजल्यावरच्या काकू फराळ घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आम्ही फक्त मुलाशी स्काइपवर बोलतो गं, तरी बिल दीड हजाराच्या खाली येत नाही." तेव्हा मर्यादा ओलांडली की एमबीमागे पैसे पडायचे. माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल, वापरणारे म्हणून किंवा मालक म्हणून, तर मोकळेपणाने लिहा.

खाडीपलीकडचा: मी तेव्हा सानपाड्याला होतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या जरा आधी धमकीचा ईमेल गेला तो आमच्याच भागात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. पाठवणारे दुसरेच, पण आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेट जोडणीचा ओळख क्रमांक) त्याचा, म्हणून पोलीस त्याच्या दारात. ती बातमी वाचली त्या रात्री मी आमचा राउटर बंदच करून टाकला, कारण तोही उघडाच होता. बसवणाऱ्या मुलाने पासवर्डचं नावसुद्धा काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डब्ल्यूईपी हे वायफायचं जुनं कुलूप लावलं. ते काही मिनिटांत फुटतं हे नंतर कळलं, मग त्याहून पक्कं डब्ल्यूपीए२. पुढे सोसायटीतल्या चौदा घरांत मी स्वतः जाऊन पासवर्ड लावून दिले. त्यामुळे 'फुकट मिळतंय तर काय बिघडलं' हे मला ऐकवत नाही. बिलापेक्षा नाव मोठं असतं हो.

म्युनिककर: जर्मनीत २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला होता: वायफाय उघडं ठेवलं आणि परक्याने त्यावरून गाणी-सिनेमे वाटले, तर वकिलाच्या नोटिशीचा खर्च मालकाने भरायचा. २०१७ मध्ये कायदा बदलेपर्यंत ही टांगती तलवार होती. आमच्या शेजारच्या आजींना तशी नोटीस आली. सिनेमे-गाणी ज्यावरून वाटली जातात तो टोरंट हा शब्दही त्यांना माहीत नव्हता. मी ते केलं नव्हतं, तरी जिन्यात त्यांच्याकडे बघताना अवघडायला व्हायचं.

कणकवलीची: माझा अनुभव वेगळा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी आमच्याकडची मुलं डोंगरावर जाऊन बसायची. वाडीतल्या एका दुकानदारांचं ब्रॉडबँड उघडं होतं. मी आधी चोरून वापरलं, मग राहवेना म्हणून विचारलं. ते म्हणाले, "तुमच्यासाठीच ठेवलंय, फक्त पिक्चर नको." रात्री दुकान बंद केलं तरी राउटर चालू असायचा, ओट्यावर आम्ही सहाजणी.

सनदी: माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ बघा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. पासवर्ड नव्हता म्हणजे परवानगी होती, असं त्यात कुठेही नाही.

म्युनिककर: धागाकर्त्या ताई, काकूंना सांगितलंत का?

धागाकर्ती: तीन दिवसांनी. पैसे घेऊन गेले होते. त्यांनी पाकीट परत केलं आणि म्हणाल्या, "विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं का?"

त्यानंतर फराळाचं ताट आलं नाही.