चर्चा : मुंबईत साथरोगांचा माग रुग्णांच्या मोजणीतून घ्यावा की सांडपाण्यातून?

मांडवीकर (धागाकर्ता)

पावसाळा सुरू झाला की साथरोगांचा आढावा वर्तमानपत्रांत येऊ लागतो : हिवताप इतके, डेंगी इतके, लेप्टो (घुशी-उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) इतके, कावीळ इतके. हे आकडे खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. मात्र ते लागणीचे आकडे नसतात. जी माणसे दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली, ज्यांची तपासणी झाली आणि ज्यांची तपासणी कुणीतरी नोंदवली, तेवढ्यांचीच ती मोजणी असते. बाकीचे शहर त्या तक्त्यात नसते.

ही तफावत किती मोठी असू शकते हे आपण एकदा पाहिले आहे. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर या तीन विभागांत ६,९३६ जणांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के आणि इमारतींतील १६ टक्के लोकांमध्ये करोनाची प्रतिपिंडे (म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडली. त्या वेळी संपूर्ण मुंबईत नोंदले गेलेले रुग्ण साधारण एक लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत होते.

दरवर्षी हजारो लोकांचे रक्त काढणे शक्य नाही, हे मान्य. पण सांडपाणी तपासणे शक्य आहे आणि मुंबईला ते नवे नाही. पोलिओचा विषाणू सांडपाण्यात शोधण्याचे काम भारतात पहिल्यांदा २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाले. ते करण्यामागे कारणही तसेच होते : पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांपैकी एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो, उरलेले हिंडतफिरत राहतात आणि त्यांच्या मलातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. पांगळे झालेले मूल शोधत बसलो असतो तर साथ आपल्या पुढेच धावत राहिली असती.

माझा प्रस्ताव असा की, उदंचन केंद्रांवरून (सांडपाणी उपसून पुढे ढकलणारी पंपिंग स्टेशने) दर आठवड्याला नमुने घेऊन विषमज्वर (टायफॉइड), ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ, पटकी (कॉलरा) आणि श्वसनाचे काही विषाणू यांची कायमस्वरूपी तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष विभागवार जाहीर व्हावेत. कस्तुरबा रुग्णालयात २०२१ पासून विषाणूंचा जनुकीय क्रम वाचणारी प्रयोगशाळा आहे, तेव्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल असेही नाही. आपले काय मत आहे?

तापाचा दवाखाना

मी पूर्व उपनगरात एकवीस वर्षे व्यवसाय करतो. आपला प्रस्ताव वाचायला आकर्षक आहे, पण मुंबईच्या पावसाळ्यात माझ्यासमोर जे रुग्ण येतात त्यांच्यासाठी तो जवळपास निरुपयोगी आहे. डेंगी आणि हिवताप डासांकडून येतात, क्षयरोग श्वासातून येतो. गटारात त्यांचा उपयोगी माग लागत नाही. लेप्टोचे जंतू सांडपाण्यात सापडतीलही, पण ते माणसाच्या मूत्रातले की घुशीच्या, हे सांगणार कोण?

एक उदाहरण देतो. गेल्या जुलैत एक सुरक्षारक्षक आला, वय तिशीच्या आसपास, तीन दिवसांचा ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बाकावरून उठताना त्याने भिंत धरली. गुडघाभर पाण्यातून दोन रात्री कामावर गेला होता. मी औषध सुरू केले आणि रक्त तपासणीला पाठवले. लेप्टोचा अहवाल नकारात्मक आला, आणि त्यात आश्चर्य काहीच नव्हते, कारण ही प्रतिपिंडे रक्तात दिसू लागायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. अहवाल नकारात्मक आहे म्हणून त्याने गोळ्या दोन दिवसांत सोडल्या. नवव्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली आणि नातेवाइकांनी त्याला दुसरीकडे दाखल केले. तिथल्या नोंदवहीत तो ‘कावीळ’ म्हणून गेला. माझ्या नोंदवहीत आजही तो ‘ताप, कारण अज्ञात’ असाच आहे. म्हणजे आपण ज्या तक्त्याला अपुरा म्हणता त्यात हा माणूस नाही हे खरेच, पण सांडपाण्याच्या तक्त्यातही तो आला नसता.

लेप्टोचे खात्रीचे निदान करायचे तर दोन नमुने लागतात, एक सुरुवातीचा आणि दुसरा दहा-पंधरा दिवसांनंतरचा, आणि त्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढलेले दिसावे लागते. तो दुसरा नमुना मुंबईत जवळपास कुणीच घेत नाही. पैसा असेल तर तिथे खर्च करा.

आकडेमोड

दोघांचेही काही बरोबर आणि काही निसटते आहे असे वाटते.

मांडवीकर, आपण २०२० च्या पहिल्या फेरीचे आकडे दिलेत, दुसऱ्या फेरीचे दिले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याच तीन विभागांत पुन्हा रक्त तपासले तेव्हा झोपडपट्ट्यांतील प्रमाण ५७ वरून ४५ टक्क्यांच्या आसपास आले. एकदा लागण होऊन गेलेल्या माणसांची संख्या महिन्याभरात कमी होऊ शकत नाही. कमी झाली ती चाचणीला दिसणारी प्रतिपिंडे, किंवा बदलली ती नमुना देणारी माणसे, किंवा दोन्ही. शिवाय चोवीसपैकी तीन विभागांवरून शहराचे चित्र काढताना मधले गृहीतक उघड सांगायला हवे. रुग्णसंख्या अपुरी म्हणून सर्वेक्षणाचा आकडा आपोआप सत्य ठरत नाही. त्याचीही स्वतःची चूक असते आणि ती मोजावी लागते.

सांडपाण्याबाबतही तेच. मुंबईत पावसाळ्यात मलवाहिन्यांत पावसाचे पाणी शिरते आणि नमुना पातळ होतो, म्हणजे साथ वाढत असताना विषाणूचे प्रमाण घटल्यासारखे दिसू शकते. त्यावर संशोधकांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो : मिरचीच्या झाडाला रोग करणारा एक विषाणू आपण मिरची खातो म्हणून मलात भरपूर असतो, त्याच्याशी तुलना करून नमुन्यात माणसाचा मल किती आणि पाणी किती याचा अंदाज बांधतात. मालवणी मसाल्याच्या या शहरात त्याचा तुटवडा पडू नये.

डॉक्टरसाहेब, आपल्या सूचनेतही एक खोच आहे. दोन नमुने घेतले तरी ते दवाखान्यात आलेल्यांचेच असतील. आपण निदान सुधाराल, मोजणीचा पाया तोच राहील.

गोवंडीचा रहिवासी

उदंचन केंद्रापर्यंत पोहोचते ते कुणाचे सांडपाणी, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. आमच्या वस्तीतील सार्वजनिक शौचालयाची टाकी भरते तेव्हा ती नाल्यात रिकामी होते, आणि नाला खाडीला मिळतो. आपल्या तपासणीत चेंबूरच्या सोसायट्या दिसतील, आम्ही दिसणार नाही. मग एखाद्या वर्षी अहवाल येईल की आमच्या एम पूर्व विभागात लागण कमी आहे.

दुसरे असे की, आमच्याकडे माहिती नसल्यामुळे साथ आली असे क्वचितच घडते. २०२२ मध्ये गोवर पसरला तेव्हा कोणत्या गल्लीत लसीकरण अपुरे आहे हे आमच्या भागातल्या स्वयंसेविकांना पाठ होते. अखेर नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना गोवराच्या लसीची जादा मात्रा द्यावी लागली. ती माहिती आधीपासून वहीत होती. तिच्यावर काम उशिरा झाले. नवी वही उघडल्याने ते लवकर होईल असे मानायला आधार काय?

मांडवीकर

नाल्यांचा मुद्दा मी लिहायला हवा होता, चूक मान्य करतो. मात्र तो प्रस्ताव मोडीत काढत नाही, सुधारतो. पोलिओसाठी भारतात उघड्या नाल्यांतूनही नमुने घेतले जातात, कारण जिथे मलवाहिनी नाही तिथेच विषाणू टिकण्याची शक्यता अधिक. नमुन्याची जागा ठरवणे हा या संशोधनाचा अर्धा भाग आहे.

वही आणि काम यांच्याबद्दल मात्र माझा मतभेद आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा सरकारने घराघरांत शिरून रुग्ण शोधले आणि उचलून नेले. परिणाम काय झाला? लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली, शहर सोडले; ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ज्या मोजणीची लोकांना भीती वाटते ती मोजणी खोटी होत जाते. सांडपाण्याला नाव नसते, जात नसते, आणि कुणाच्या दारावर कागद चिकटत नाही.

गोवंडीचा रहिवासी

नाव नसते, पण पत्ता असतो. २०२० मध्ये ‘धारावी’ एवढा शब्द उच्चारला की घरकाम करणाऱ्या बायकांना इमारतीच्या फाटकावरूनच परत पाठवले जात होते. निष्कर्ष विभागवार जाहीर करा असे आपण लिहिले आहे, म्हणून सांगितले.

तापाचा दवाखाना

आकडेमोड यांचा आक्षेप मी रात्रभर विचारात घेतला. मला वाटते आपण सगळे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने मोजत आहोत. लागण ही एक गोष्ट आहे, आजार ही दुसरी. अंदमानात लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत लेप्टोची लागण जवळपास सारखीच होती, पण आजारी पडण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत निम्म्याहून कमी होते. त्या संशोधकांनी केवळ लागण मोजली असती तर गोळी निकामी ठरली असती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर या शहरात लेप्टोने जे केले ते पाहिलेल्या माणसाला हा फरक पुस्तकी वाटणार नाही.

पोलिओत लागण मोजणे योग्य होते, कारण तिथे उद्दिष्ट विषाणू नाहीसा करण्याचे होते. लेप्टो नाहीसा होणार नाही, कारण घुशी आहेत आणि पाणी तुंबणार आहे. तिथे माणूस मूत्रपिंड बंद पडण्याआधी ओळखणे हेच उद्दिष्ट.

विषमज्वरापुरती मात्र मी माघार घेतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रुग्णांनी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन-तीन गोळ्या आधीच घेतलेल्या असतात, मग रक्ताच्या संवर्धनात (कल्चरमध्ये) जंतू वाढत नाही आणि कोणते औषध चालेल तेही कळत नाही. हा जंतू आणि त्याची औषधांना दाद न देण्याची जनुके सांडपाण्यात शोधता आली, तर कोणते औषध लिहावे याबद्दल मला त्याचा उपयोग होईल.

मांडवीकर

मग विषमज्वर आणि कावीळ सांडपाण्यातून, लेप्टो मात्र दुसऱ्या नमुन्यातून, अशी विभागणी मला मान्य आहे. विभागवार आकडे थेट जाहीर न करता आधी त्या विभागातील दवाखान्यांना कळवावेत, ही दुरुस्तीही करतो.

आकडेमोड

दुसरा नमुना आणायला पंधराव्या दिवशी घरी कोण जाणार? निम्मे रुग्ण निसटले तर उरलेले निम्मे कोणते, यावर सगळा निष्कर्ष फिरतो.

वहीवाली बाई

मी आरोग्य स्वयंसेविका आहे. आतापर्यंत फक्त वाचत होते. पंधराव्या दिवशी आम्हीच जातो, फक्त आम्हाला दुपारी बारा ते तीनमध्ये पाठवले जाते आणि त्या वेळी पुरुष कामावर असतात, बायका घरकामाला गेलेल्या असतात, दाराला कुलूप असते. वहीत ‘घर बंद’ असे लिहून आम्ही पुढच्या घराकडे वळतो. आमच्या वस्तीत पाणी पहाटे साडेपाचला येते आणि तेव्हा प्रत्येक घरातले कुणी ना कुणी नळावर असतेच. रक्त घेणारा माणूस त्या वेळी सोबत दिलात तर तुमचे निम्मे रुग्ण निसटणार नाहीत. मात्र नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळा उघडेपर्यंत साडेतीन तास कुठे सांभाळायचा, ते डॉक्टरांनी सांगावे. आमच्या केंद्राची चावी नऊला येते.