'पोअर'ला रंध्र म्हणावं की छिद्र?

समासविग्रह: एका लेखाचं भाषांतर करतेय. जिवाणूचं विष पेशीच्या पटलात (म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात) 'पोअर' तयार करतं आणि पेशी फुटते, असं वाक्य आहे. मी 'रंध्र' लिहिलं, संपादकांनी खोडून 'छिद्र' केलं. रंध्र चूक आहे का?

बोरूबहाद्दर: संपादकांचं बरोबर. रंध्र मुळातच असतं: रोमरंध्र, पर्णरंध्र. इथे धडधाकट पटलाला भोक पडलंय. 'भोक'च लिहा ना, संस्कृत कशाला?

पेट्रीताई: भोक म्हटलं की टोचून पाडलेलं वाटतं. तसं नसतं हो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं अल्फा-हिमोलायसिन हे विष घ्या. सुटे रेणू पटलावर चिकटतात, सातांचं कडं होतं, मग प्रत्येकाचा एक पदर पटलात उतरतो आणि आरपार नळी उभी राहते. म्हणजे भोकाची भिंतसुद्धा विषाचीच! आतली वाट अरुंद जागी जेमतेम दीड नॅनोमीटर. पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत. मोठी प्रथिनं मात्र आतच अडकतात, त्यांच्यापायी पाणी शिरत राहतं आणि तांबडी पेशी फुगून फुटते. मला 'नळी' पटतं.

काना_मात्रा: मग स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचं विष, स्ट्रेप्टोलायसिन ओ? त्याच्या कड्यात डझनावारी रेणू, व्यास २५ ते ३० नॅनोमीटर. प्रथिनंसुद्धा निसटतात. ही कसली नळी, हे भगदाड!

बोरूबहाद्दर: बघा, शेवटी देशी शब्दच कामी आला.

काना_मात्रा: 'छिद्र'ही वाईट नाही. छिद्रान्वेषी आठवा, दोषाची छटा आहे त्यात.

समासविग्रह: संस्कृतात 'रंध्र'लाही मर्मस्थान असा अर्थ आहेच की.

जुनाबाजार: 'वेज' कुणालाच आठवू नये? मोत्याला आरपार पाडलेलं ते वेज, 'वेध'वरून आलेलं. आमची आजी हाच शब्द वापरायची. सुईचं मात्र नेढं.

बोरूबहाद्दर: आजीला विचारून जीवशास्त्र लिहायचं का?

जुनाबाजार: देशी शब्दाचा आग्रह तुमचाच होता ना?

पेट्रीताई: वर्गात सगळे 'पोअर'च म्हणतात. आणि नुसतं 'विष' का? 'जीवविष' हवं.

काना_मात्रा: जीवविष म्हणजे जीवाने केलेलं की जीव घेणारं?

समासविग्रह: अहो, मजकूर उद्या द्यायचाय. रंध्र ठेवू का?

जुनाबाजार: आधी 'पटल' बदला. पाठ्यपुस्तकात 'प्रद्रव्यपटल' आहे.

बोरूबहाद्दर: 'प्रद्रव्य' हा शब्द कुणी पाडला, ते आधी सांगा.