सापळे माश्यांनी भरतात, तरी पेरूत अळी कशी?

पेरूबाग_करवीर:
करवीर तालुक्यात माझी अर्ध्या एकराची पेरूची बाग आहे. या पावसाळ्यात मिथाईल युजेनॉलचे कामगंध सापळे, म्हणजे वासाने माशी ओढून पकडणारे सापळे, लावले. दर आठवड्याला मूठभर फळमाश्या निघत असल्याने मी निर्धास्त होतो, परंतु परवा कोल्हापूरच्या बाजारासाठी तोडलेल्या मालात बरीच फळे आतून किडलेली निघाली. काल सापळ्यातील माश्या कागदावर पसरून भिंगातून पाहिल्या, तेव्हा एकीच्याही पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची अणकुचीदार नळी दिसली नाही. माशी वासावर येते, तर मादी सापळ्यात का येत नाही?

कीटक_अभ्यासक:
आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. मिथाईल युजेनॉलकडे प्रामुख्याने नरच ओढले जातात. त्याला आपण कामगंध म्हणतो खरे, पण तो मादीचा गंध नव्हे. तुळशीसारख्या वनस्पतींत आढळणारे ते एक द्रव्य आहे. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी १९१५ मध्येच नरांची ही ओढ नोंदवली होती. पेरू-आंब्यावरची माशी, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, हिचा नर ते द्रव्य खातो, त्यापासून शरीरात स्वतःचा गंध तयार करतो आणि त्यामुळे मादी त्याला अधिक पसंती देते.

मादीचा शोध मात्र वेगळा असतो. पिकू लागलेल्या फळातून एस्टर आणि अल्कोहोल वर्गातील अनेक द्रव्ये हवेत मिसळतात. त्यांचे ठरावीक मिश्रण शृंगिकांवरील (डोक्यावरच्या मिशांवरील) गंध टिपणाऱ्या पेशींनी टिपून ती वाऱ्याच्या उलट दिशेने फळाकडे येते आणि जवळ आल्यावर रंग व आकार पाहून उतरते. हे मिश्रण किती नेमके असते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. तेथील हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर वाढणाऱ्या माशीचा एक गट एकोणिसाव्या शतकात सफरचंदावर स्थिरावला, आणि आज प्रत्येक गट आपापल्या फळाच्या गंधाकडे वळतो, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या गंधाने परावृत्तही होतो.

शिरोळ_भाजीपाला:
कारल्याच्या मांडवात मीही हेच सापळे लावले होते आणि ते जवळजवळ रिकामे राहिले. वेलवर्गीय पिकांवरची माशी निराळी असून तिच्या नरासाठी क्यू ल्यूर हे वेगळे गंधद्रव्य लागते, हे मला उशिरा कळले.

कीटक_अभ्यासक:
बरोबर. पेरूच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की, एकच नर अनेक माद्यांशी समागम करू शकतो, आणि शेजारच्या बागेतून आधीच समागम झालेली मादी आली तर आपला सापळा तिला अडवू शकत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून सापळे लावावेत. मादीला अंडी पक्व होण्यासाठी प्रथिने लागतात, त्यामुळे प्रथिनयुक्त आमिषाकडे तीही येते. फळे लिंबाएवढी असतानाच पिशव्या घालाव्यात. गंध पोहोचला तरी नळी सालीपर्यंत पोहोचत नाही.

पेरूबाग_करवीर:
मनापासून आभार. झाडाखाली पडलेली पिकी फळे मी आजवर तशीच सोडत होतो. आज त्यांतले एक फोडले, तर सालीवर टाचणीने टोचल्यासारखा डाग होता आणि आतून अळ्या टुणकन उड्या मारत मातीत गेल्या. कोष मातीतच होत असणार, म्हणून आता पडलेली फळे रोज सकाळी गोळा करून खोल खड्ड्यात पुरणार आहे, आणि बांधाला बांध असलेल्या दोघांशी सापळ्यांबद्दल बोलणार आहे.