मदत हवी आहे: झाकण हलवलं की स्क्रीन काळी. मदरबोर्ड की केबल?

लॅपटॉप २०१४चा. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकलेली, त्यामुळे वेगाची तक्रार नाही. वापरणारे बाबा: सोसायटीचे हिशेब, बँकेची कामं आणि दुपारी यूट्यूबवर नाट्यसंगीत. नवा घेऊ म्हटलं की "याला काय धाड भरलीय?"

दुखणं असं. झाकण काटकोनात असलं तर ठीक, जरा मागे रेललं की स्क्रीन काळी. गाणं चालूच राहतं. पुढे ओढलं की कधी उजेड येतो, कधी नाही. एचडीएमआयने टीव्हीला जोडला तर चित्र स्वच्छ, झाकण कितीही हलवा. खोलीत अंधार करून काळ्या स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला, तेव्हा आयकॉन पुसट दिसले. म्हणजे चित्र पॅनेलपर्यंत पोचतंय, मागचा प्रकाश तेवढा जातोय, असा माझा तर्क.

जवळच्या एका दुकानात न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय." त्या पैशात असाच सेकंडहँड लॅपटॉप येईल. मग टीव्हीवर चित्र कसं येतं, विचारलं तर "तसं होतं कधी कधी." पुण्यातल्या दुकानात एवढं उत्तर मिळालं, हेही नसे थोडके.

बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबलच ना ही? बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला मिळेल का?

बाकी किरकोळ: चार्जर काढला की लगेच बंद पडतो, आणि टचपॅडचं क्लिक हल्ली दाबलं जात नाही. माऊस आहे, त्यामुळे अडत नाही.

जुनं खोड: किरकोळ नाही हो, आधी तेच बघा! बॅटरी फुगून खालून टचपॅडला रेटत असणार. सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतो का पाहा. चार्जिंग आजपासून बंद. फुगलेली बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, भोक पडलं तर पेट घेऊ शकते. कारागिराकडून काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या अ‍ॅडॉप्टरवरही चालतात.

शनिवारपेठी: केबलशी सहमत. बॅकलाइटच्या तारा त्याच केबलमधून जातात. दुकानात नुसतं मॉडेल सांगून भागत नाही, ३० पिनची आणि ४० पिनची अशा दोन्ही असतात. जुनी काढून तिच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर दाखवा. बिजागरी जड झाली असेल तर तीही सैल करून घ्या, नाहीतर नवी केबलही चेपेल. आणि बॅटरी सुटी केल्याशिवाय त्या केबलला कोणाला हात लावू देऊ नका. वीज चालू असताना ओढाताण झाली की बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, मग त्या दुकानदाराचं निदान खरं ठरेल.

शिवाय बँकेची कामं करताय म्हणून: विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका.

धागाकर्ती: डुगडुगतोय! चार्जर काढून लॅपटॉप बंद करून ठेवलाय, बाबांना फोनवर गाणी लावून दिली. केबलसाठी शनिवारी पेठेत जाते. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड नीट चालतो का? हिशेबाची टिपणं सगळी मराठीत असतात.